नवशिक्याचे मोठे काम

घरी काही तरी स्वतःच्या हाताने करावे, ही इच्छा बहुतेकांच्या मनात केव्हा ना केव्हा येऊन जाते. विशेष असे की, ही इच्छा लहान वस्तूपासून क्वचितच सुरू होते. ज्याने आयुष्यात कधी रंधा धरला नाही तो पाट करायला घेत नाही, एकदम कपाट करायला घेतो. जिने कधी टाका घातला नाही ती रुमालाला हात लावीत नाही, गोधडीच आरंभिते. मग शेजारचे शहाणे लोक सांगतात की, आधी लहान करा, हात बसू द्या, मोठ्याचे पुढे पाहू. हा उपदेश ऐकायला रास्त वाटतो; परंतु तो पाळून कोणी कारागीर झाल्याचे उदाहरण आमच्या पाहण्यात फारसे नाही. कारण पाटाने मनाला ओढ लागत नाही, कपाटाने लागते. आणि ओढीवाचून हातांना शिस्त लागत नाही.

आपल्या वसई-विरारच्या परिसरात तर नवशिक्याने मोठे काम अंगावर घेण्याची रीतच आहे. दिवाळीत सात-आठ वर्षांची पोरे अंगणात किल्ला करतात. त्यांना प्रथम ढेकूळ करा, मग बुरूज करा, असे कोणी सांगत नाही. ती पहिल्याच वर्षी रायगड करायला बसतात. नाताळ जवळ आला की ख्रिस्ती वाड्यांतून तरुण मंडळी बांबू, पेंढा, कागद, माती जमवून गोठा उभारतात. गणपतीच्या आधी चाळीचाळींतून आणि इमारतींतून मखराची खटपट चालू असते. ह्यांपैकी कोणीही रीतसर शिकलेला नसतो. तेव्हा नवशिक्याने मोठे काम घ्यावे की घेऊ नये, हा वाद आमच्या मते निरर्थक आहे; तो घेतोच. खरा प्रश्न असा की, घेतलेले काम शेवटास कसे जाते, आणि माळ्यावर धूळ खात पडलेली अर्धवट कपाटे, अर्धवट होड्या आणि अर्धवट गोधड्या कशाने निर्माण होतात. त्याचाच विचार आज करावयाचा आहे.

आरंभी एक गोष्ट सांगितली पाहिजे. घरी काही करण्यासाठी हत्यारांच्या आधी वेळ लागतो, आणि कष्टकरी माणसाला तो वेळ कोणी आयता दिलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि साप्ताहिक सुटीची मागणी लावून धरली. ती १८९० साली मान्य झाली. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. म्हणजे रविवारी दुपारी एखादा कामगार घरात करवत घेऊन बसतो तेव्हा त्या दुपारच्या मागे कित्येकांची झुंज उभी असते. आणि तरीही विरारहून चर्चगेटला जाणाऱ्याची रोजची साठ किलोमीटरची वाट जाताना आणि तेवढीच येताना हिशेबात धरली, तर त्याच्या हाती किती वेळ उरतो हे श्रोत्यांना सांगायला नको. म्हणून वेळ वाया न घालविता काम कसे करावे, हा आमच्या दृष्टीने चैनीचा विषय नव्हे.

आता एका मोठ्या नवशिक्याचे उदाहरण घेऊ. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे दादासाहेब फाळके, यांनी मुंबईत १९११ साली ख्रिस्ताच्या जीवनावरील चलच्चित्रपट पाहिला आणि आपल्या देवदेवतांचे असे चित्रपट आपण करावेत असे त्यांच्या मनाने घेतले. तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. चित्रपट कसा करतात हे हाताला धरून शिकविणारा मनुष्य ह्या देशात त्यांना मिळण्यासारखा नव्हता. कॅमेरा, फीत, रसायने सारे परदेशातून आणावयाचे. ह्याहून मोठे घरगुती काम कोणी नवशिक्याने अंगावर घेतले असेल असे आम्हांस वाटत नाही. आणि ते घरगुतीच होते, कारण चित्रणापासून फीत धुण्यापर्यंतचे बरेचसे काम दादरच्या त्यांच्या राहत्या बंगल्यातच झाले.

परंतु फाळके कोणत्या अर्थाने नवशिके होते ते पाहू. ते १८८५ साली जे. जे. कलाशाळेत दाखल झाले होते. पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी छायाचित्रण आणि इतर कला शिकून घेतल्या. त्यांनी छायाचित्रकाराचा धंदा केला, पुराणवस्तू खात्यात नोकरी केली, छपाईचे ठसे तयार केले, छापखाना काढला, जादूचे प्रयोगही केले. म्हणजे चित्रपट हा धंदा त्यांना नवा होता, परंतु त्याच्या आजूबाजूचे सगळे धंदे हाताखालून गेलेले होते. काच, भिंग, उजेड, रसायन, चित्राची मांडणी ह्यांची त्यांना पुरी ओळख होती. अनोळखी काय होते? चित्र हलते कसे, फीत यंत्रातून जाते कशी, आणि ती धुतात व छापतात कशी, एवढेच.

नवशिक्याने घ्यावयाचा पहिला धडा येथे आहे. काम अंगावर घेताच एका कागदाचे दोन भाग करावे. एका बाजूस आपल्याला येणाऱ्या गोष्टी लिहाव्या, दुसऱ्या बाजूस न येणाऱ्या. बहुतेक माणसे उलट करतात. जे येते ते उत्साहाने आधी करून टाकतात आणि जे येत नाही ते शेवटासाठी ठेवतात. शेवटी पैसा संपलेला, उत्साह ओसरलेला, आणि समोर नेमके तेच अवघड काम येऊन उभे. अर्धवट राहिलेल्या वस्तूंचे मूळ बहुधा येथेच सापडते. गणपतीचे मखर घ्या. कागद कापणे आणि रंग देणे सर्वांना येते, म्हणून ते आठ दिवस आधी पुरे होते. ते उभे कसे राहणार आणि दिव्यांच्या तारा कोठून जाणार हा प्रश्न मात्र चतुर्थीच्या आदल्या रात्री निघतो.

फाळके यांनी काय केले? १९१२ च्या आरंभी ते लंडनला गेले. तेथे एका सिनेमाविषयक साप्ताहिकाच्या संपादकांना भेटले, त्यांच्या ओळखीने सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रशाळेत काम कसे चालते ते डोळ्यांनी पाहिले, विल्यमसन कॅमेरा आणि फितीला भोके पाडण्याचे यंत्र घेतले आणि १ एप्रिल १९१२ रोजी परत आले. ह्या प्रवासासाठी त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली होती. परत आल्यावर त्यांनी हरिश्चंद्राला हात घातला नाही. त्यांनी एका कुंडीत वाटाण्याचे बी पेरले आणि ते उगवून वर येईपर्यंत कॅमेरा त्याच्यासमोर रोखून ठराविक अंतराने एकेक चित्र घेतले. ती फीत पडद्यावर दाखविली तेव्हा कित्येक दिवसांची वाढ मिनिटा-दीड मिनिटात डोळ्यांसमोर झाली. हा छोटा चित्रपट अंकुराच्या वाढीचा चित्रपट म्हणून प्रसिद्ध आहे.

वाटाणाच का, ह्याचा विचार करावा. वाटाण्याला मजुरी द्यावी लागत नाही, त्याचे कपडे शिवावे लागत नाहीत, तो भूमिका विसरत नाही. परंतु फीत भरणे, उजेडाचा अंदाज घेणे, धुणे, छापणे आणि पडद्यावर टाकणे हे सारे त्या वाटाण्यासाठीही तेवढेच करावे लागते. म्हणजे मोठ्या कामातला अपरिचित भाग तेवढा बाजूला काढून फाळके यांनी थोड्या खर्चात तो पारखून घेतला. शिवाय ही फीत पाहूनच पैसा देणाऱ्याचा विश्वास बसला. आधी लहान करा, असे शेजारचे शहाणे सांगतात त्यात आणि ह्या वाटाण्यात फरक आहे. शहाण्यांचे लहान काम मोठ्या कामाशी असंबद्ध असते. फाळके यांचा वाटाणा हे हरिश्चंद्राचेच पहिले पाऊल होते. कपाट करणाराने पाट करू नये. कपाटाचा एक कोपरा, दोन फळ्यांचा एक सांधा, टाकाऊ लाकडात करून पाहावा. तो जमला की कपाट निम्मे झाले.

ह्या कामात किती कष्ट पडत त्याचा एक हिशेब मांडतो. चित्रपटाची फीत ३५ मिलिमीटर रुंद. तिच्या एका फुटात १६ चित्रे बसतात आणि प्रत्येक चित्राच्या दोन्ही कडांना चार-चार भोके असतात. ह्या भोकांत दाते अडकवूनच यंत्र फीत ओढते. 'राजा हरिश्चंद्र' सुमारे ३,७०० फूट लांबीचा होता. म्हणजे चित्रे ५९,००० वर आणि भोके पावणेपाच लाखांच्या घरात. कोरी फीत भोकांवाचून येई. भोके पाडण्याचे काम यंत्रावर खरे, पण अंधारात बसून हाताने चालवावयाचे. टिपलेली पण कापून टाकलेली फीत, आणि दाखविण्यासाठी छापावयाची फीत, ह्या हिशेबात धरलेल्याच नाहीत.

हे काम करीत कोण असे? सरस्वतीबाई फाळके. भोके पाडणे, रसायने कालविणे, फीत धुणे ही कामे त्या शिकल्या. चित्रणाच्या वेळी उजेड परतविण्यासाठी पांढऱ्या चादरी धरून त्या उन्हात उभ्या राहत. शिवाय घरात मुले होती आणि कामावरच्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाक होता. त्यांचे दागिनेही ह्या कामी लागले. २१ एप्रिल १९१३ रोजी निवडक मंडळींना चित्रपट दाखविण्यात आला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन चित्रपटगृहात तो लोकांसमोर आला. श्रेय दादासाहेबांना मिळाले आणि ते यथार्थच होते. परंतु कामगार चळवळीत वावरलेल्या मनुष्याला हजेरीपट पाहिल्याखेरीज राहवत नाही, आणि ह्या कामाच्या हजेरीपटावर दुसरे नाव सरस्वतीबाईंचे आहे.

हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की, घरातला हौशी कारागीर रविवारी जे काम काढतो त्याचा भार बहुधा घरातल्या दुसऱ्या कोणावर तरी पडतो. भुसा कोण झाडतो, मुलांना कोण आवरतो, चार वेळा चहा कोण करतो, आणि दोन महिने अर्ध्या खोलीत पसरलेल्या फळ्यांतून वाट काढीत स्वयंपाक कोण करतो? स्वतःच्या हाताने केले असे म्हणण्यापूर्वी हे हात मोजावे. काम काढण्याआधी घरातल्या सर्वांना बसवून ते किती दिवस चालेल, जागा किती अडेल आणि पैसा किती लागेल हे सांगावे आणि त्यांची संमती घ्यावी. कारखान्यात आम्ही हा हक्क मागतो; घरात तो नाकारणे शोभत नाही.

दुसरे उदाहरण कोल्हापूरचे. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे दोघे आतेमामे भाऊ नाटकांचे पडदे रंगविणारे चित्रकार. फाळके यांचे चित्रपट पाहून त्यांनाही चित्रपट काढावासा वाटला. लंडनला जाण्याची ऐपत नव्हती. त्यांनी चित्रपट दाखविण्याचे जुने यंत्र मिळविले आणि कॅमेरा स्वतःच करावयाचे ठरविले. १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांनी काम सोडले नाही. विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने त्यांनी १९१८ च्या सुमारास कॅमेरा पुरा केला, आणि १९२० साली त्यांचा 'सैरंध्री' लोकांसमोर आला. हेच दामले पुढे १९२९ साली प्रभात फिल्म कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाले.

चित्र दाखविण्याच्या यंत्रावरून चित्र टिपण्याचे यंत्र कसे करता येते, हे थोडक्यात सांगण्याजोगे आहे. दोन्ही यंत्रांचे हृदय एकच. फीत सरळ वाहत नाही. ती एक चित्रभर पुढे सरकते, क्षणभर थांबते, पुन्हा सरकते. थांबलेली असते तेव्हा झडप उघडते, सरकत असते तेव्हा मिटते. दाखविण्याच्या यंत्रात उजेड आतून बाहेर जातो आणि टिपण्याच्या यंत्रात बाहेरून आत येतो, एवढा मुख्य भेद; शिवाय टिपण्याच्या पेटीत उजेडाचा एक किरणही चुकून शिरता कामा नये. ज्याने एक यंत्र खोलून, त्याचा दात न् दात पाहून, पुन्हा जोडले आहे त्याला दुसऱ्याची किल्ली सापडते. म्हणून नवशिक्याचा दुसरा धडा असा: जी वस्तू करावयाची तिच्यासारखी जुनी, मोडकी वस्तू मिळवून ती आधी सोडवावी. जुन्या बाजारातली एक मोडकी खुर्ची चार पुस्तकांपेक्षा अधिक शिकविते. तिचा पाय कोठे निखळला ते पाहावे, म्हणजे आपल्या खुर्चीत कोठे बळ द्यावयाचे ते कळते.

तिसरे उदाहरण आपल्या जवळचे आणि आपल्या काळातले. कांदिवलीच्या चारकोप भागात कॅप्टन अमोल यादव ह्या वैमानिकाने राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान जोडले. ते काम कित्येक वर्षे चालले. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईत भरलेल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते विमान ठेवण्यात आले, आणि त्यासाठी ते गच्चीवरून क्रेनने खाली उतरवावे लागले. २०१७ साली नागरी विमान वाहतूक खात्याकडे त्याची नोंदणी झाली. यादव विमान चालविण्यात तरबेज होते, परंतु चालविणे निराळे आणि घडविणे निराळे. आधीचे प्रयत्न फसल्यावर हे विमान उभे राहिले.

ह्या उदाहरणातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, वस्तू जेथे करावयाची तेथून ती बाहेर कशी जाणार, हे आरंभीच ठरविले पाहिजे. विमानाला क्रेन मिळते. तिसऱ्या मजल्यावरच्या कपाटाला मिळत नाही. जिना, वळण आणि दार ह्यांची मापे घेतल्यावाचून लाकूड आणू नये. मोठी वस्तू चार भागांत करून जागेवर स्क्रूने जोडता येईल अशीच योजावी. दुसरी अशी की, वस्तू करण्याचा वेळ आणि ती वापरण्याची परवानगी मिळण्याचा वेळ हे वेगळे असतात. तुमच्या कामाने दुसऱ्याच्या जिवाला, भिंतीला किंवा वाटेला धक्का पोचत असेल, तर समाज विचारणारच, आणि त्याने विचारावे हे योग्यच आहे. सोसायटीला न सांगता गॅलरी आत घेणे किंवा भिंत काढणे ही कारागिरी नव्हे. इमारतीच्या खांबाला आणि तुळईला तर कोणीही हौशी मनुष्याने छिन्नीसुद्धा लावू नये. ते एकट्याचे नसतात, वरच्या सर्व मजल्यांचे असतात.

आता मोठ्यांची उदाहरणे सोडून आपल्या घरात येऊ. समजा, नालासोपाऱ्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या एका गृहस्थाने सहा फूट उंच आणि तीन फूट रुंद असे पुस्तकांचे कपाट करावयाचे ठरविले. त्याने काय काय ध्यानात ठेवावे?

पहिली गोष्ट भिंतीची. घराच्या भिंती काटकोनात आहेत असे धरून चालू नये. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फुटांवर आणि दुसरीवर ४ फुटांवर खूण करावी. दोन खुणांमधले अंतर बरोबर ५ फूट भरले तर काटकोन, नाही तर नाही. गवंडी हीच युक्ती दोरीने करतात. कपाटाची चौकट जोडल्यावर तिचे दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे भरले नाहीत तर चौकट तिरकी आहे, आणि दार पुढे कधीच नीट लागणार नाही. खिळे पक्के करण्याआधी हे पाहिले तर हाताने दाबून सरळ करता येते, नंतर नाही.

दुसरी गोष्ट मापाची. नवशिक्याच्या चुका टेप वाचण्यात फार होतात. जुने सुतार ह्यावर एक साधा उपाय करतात. एक सरळ पट्टी घेऊन तिच्यावरच कप्प्यांच्या खुणा पेन्सिलीने करतात, आणि प्रत्येक फळीवर त्याच पट्टीवरून खूण उतरवितात. आकडा मध्ये येतच नाही, म्हणून तो चुकतही नाही. दोन्ही उभ्या फळ्या एकमेकींशेजारी ठेवून एकाच वेळी खुणा केल्या तर कप्पे वाकडे होण्याचे कारण उरत नाही.

तिसरी गोष्ट हवेची. वसई-विरारच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात हवा पाण्याने भरलेली असते. लाकूड ते पाणी शोषते आणि फुगते. परंतु ते लांबीत जवळजवळ फुगत नाही, रेषांना आडवे, म्हणजे रुंदीत फुगते. एक फूट रुंदीची सागवानी फळी उन्हाळ्यातून पावसाळ्यात जाताना सुमारे एक सूत फुगू शकते. म्हणून मे महिन्यात घट्ट बसविलेला खण जुलैत अडकतो, आणि लोक सुताराला शिव्या देतात. खणाला आणि दाराला ती जागा सोडावी लागते. प्लायवुडचे पापुद्रे एकाआड एक आडवे-उभे चिकटविलेले असतात, म्हणून ते एकमेकांना धरून ठेवतात आणि फुगणे फार कमी होते. नवशिक्याने प्लायवुड घ्यावे ते ह्यासाठी. भुसा दाबून केलेल्या फळीच्या उघड्या कडेत मात्र पाणी शिरले की ती पुन्हा पूर्ववत होत नाही. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नये, मागे दोन बोटे वारा खेळू द्यावा.

चौथी गोष्ट पैशाची आणि हत्यारांची. 'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण हौशी सुताराला पुरेपूर लागू पडते. काम बिघडले की तो अधिक महागाचे यंत्र आणतो. आरंभी एक चांगली करवत, एक पटाशी, एक हातोडी, एक गुण्या, दोन शिकंजे आणि एक ड्रिल एवढ्यावर कपाट होते; ड्रिल उसने मिळाले तर उत्तम. एका हत्यारावर मात्र कंजूषपणा करू नये, ते म्हणजे धार लावण्याचा दगड. बोथट पटाशीला जोर द्यावा लागतो, आणि जोर दिलेली पटाशी निसटली की हातात शिरते. खर्चाचा अंदाज केल्यावर त्यात चौथा हिस्सा वाढवून धरावा, आणि दिवसांचा अंदाज केल्यावर तो दुप्पट करावा. हे निराशेने सांगत नाही. दुप्पट धरलेला मनुष्य उशीर झाला म्हणून घाई करीत नाही, आणि घाईतच बोटे जातात.

बोटांचा विषय निघालाच आहे, तर तो नीट बोलू. वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींत छोटे छोटे कारखाने दाटीने उभे आहेत. अशा कारखान्यांतून प्रेसखाली बोटे गमावलेले कामगार आम्ही पुष्कळ पाहिले. बहुतेकांची कहाणी एकच: पात्याला किंवा प्रेसला झाकण होते, परंतु ते लावले की माल कमी निघे, म्हणून काढून ठेवले होते. फिरत्या यंत्राला आडोसा सक्तीचा व्हावा म्हणून कायदा करावा लागला, तपासनीस नेमावे लागले, आणि इतके होऊनही तो आडोसा निघतोच. मग घराची गोष्ट काय सांगावी! घरात तपासनीस नाही, भरपाई नाही, आणि रविवारी गेलेल्या बोटाला कामगार विम्यातून अपघाताचे पैसेही मिळत नाहीत. सोमवारी मात्र त्याच बोटाने यंत्र चालवावयाचे असते. घरातला रविवार आणि कारखान्यातला सोमवार ह्यांचा हा संबंध विसरू नये.

म्हणून काही नियम कायद्यासारखे पाळावेत. दगड कापण्याच्या यंत्रावर लाकडाचे दातेरी पाते चढवू नये. झाकण काढून तर मुळीच नाही. फिरत्या यंत्राजवळ सैल बाह्या, ओढणी, गळ्यातला गोफ नको. सुती हातमोजेही नकोत, कारण ते पात्यात ओढले जातात आणि हात बरोबर नेतात. डोळ्यांना चष्मा असावा. पाते बदलताना बटण बंद करणे पुरेसे नाही, प्लग काढून तो आपल्या समोर ठेवावा. भिंतीत भोक पाडण्यापूर्वी जवळचे बटणाचे फलक आणि नळ पाहावेत. तारा आणि नळ्या बहुधा त्यांच्या सरळ वर किंवा खाली गेलेल्या असतात. मखराच्या आणि गोठ्याच्या दिव्यांना चिकटपट्टीचे सांधे देऊ नयेत, आणि ओल्या हाताने तर त्यांना शिवूच नये. घराच्या मुख्य फलकात गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारे ३० मिलिॲम्पिअरचे उपकरण बसवून घ्यावे, आणि ते परवानाधारक वायरमनकडूनच. आपल्याला काय येत नाही ह्या यादीत वीज सर्वांत वर लिहावी.

आता एक आक्षेप उरतो, आणि तो आमच्यासारख्या मनुष्याला हटकून विचारला जातो. सगळे जण घरी सुतारकाम करू लागले तर सुताराने काय खावे? कष्टकऱ्यांची बाजू घेणाराने कष्टकऱ्याची रोजी बुडविणारी हौस का सांगावी? ह्याचे उत्तर असे की, सुताराची रोजी हौशी मनुष्य बुडवीत नाही. ती बुडविणारा निराळा आहे. ज्याने कधी लाकडाला हात लावला नाही तो म्हणतो, चार फळ्या तर जोडायच्या, त्याला इतके पैसे कसले? ज्याने सहा रविवार खर्चून एक कपाट केले आहे, ज्याचे दार अजून थोडे घासते, तो सुतार घरी आला की त्याचा रंधा कसा चालतो हे टक लावून पाहतो आणि मजुरीत घासाघीस करीत नाही. कारागिराचा खरा गिऱ्हाईक असाच तयार होतो. शिवाय नवशिक्याने सुताराकडे जाऊन त्याचा एक दिवस विकत घ्यावा, हा आमचा आग्रह आहे. त्याच्याकडून कपाट करून घेऊ नये, फक्त सांधा शिकून घ्यावा, आणि शिकविण्याची पूर्ण दिवसाची मजुरी द्यावी. ज्ञान म्हणून कारागिराला पैसे मिळणे आपल्या समाजात दुर्मिळ आहे. मास्तरला मिळतात, वकिलाला मिळतात. मिस्त्रीला घामाचेच मिळतात, डोक्याचे मिळत नाहीत.

ह्या विषयाला आम्ही इतके महत्त्व का देतो, हे शेवटी सांगतो. आजच्या कारखान्यात एक मनुष्य दिवसभर एकच भोक पाडतो आणि दुसरा एकच स्क्रू आवळतो. वस्तू पुरी झालेली त्याला दिसतही नाही. कचेरीतल्या मनुष्याची गत फारशी वेगळी नाही. त्याच्यासमोरून कागद येतो आणि जातो. वीस-तीस वर्षे असे केल्यावर आपल्याला आरंभापासून शेवटापर्यंत काही करता येते, हा विश्वासच माणसातून नाहीसा होतो. आणि तो गेलेला मनुष्य केवळ कपाट करण्याला मुकत नाही. सभेत उठून बोलावे, अर्ज लिहावा, आपल्या इमारतीचा हिशेब तपासावा, ह्या गोष्टीही त्याला परक्याच्या वाटू लागतात. तो म्हणतो, ते जाणत्यांचे काम. स्वतःच्या हाताने एक वस्तू पुरी करणाऱ्या माणसाच्या तोंडी हे वाक्य सहसा येत नाही. न येणारी गोष्ट वेगळी काढावी, लहान प्रमाणात पारखावी, जाणत्याला विचारावे, मदतीचे हात मोजावे आणि मग पुढे जावे, ही रीत त्याला कपाटाने शिकविलेली असते. संघटना उभारण्याची रीतही ह्याहून निराळी नाही.

मे महिन्याची सुटी समोर आहे. पाऊस जूनमध्ये येईल. लाकूड वाळलेले आहे तोवर, ज्यांच्या मनात काही मोठे आहे त्यांनी आज घरी गेल्यावर तो कागद घ्यावा, त्याचे दोन भाग करावे, आणि न येणाऱ्या गोष्टींची बाजू आधी भरावी.